सोळा गेले, आठ आले

१

शनिवारी सकाळी साडेआठला धाकटीने अशी काही किंकाळी फोडली की शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. लग्नासाठी आदल्या रात्री आलेली मावशी तेव्हा दात घासत होती. एकतीस वर्षं लिफ्ट तपासनीस म्हणून काढलेली बाई, तिला किंकाळ्यांतला फरक बरोबर कळायचा. ही अडकल्याची नव्हती, बोट चेमटल्याचीही नव्हती. काहीतरी चोरीला गेलं होतं. तोंडातल्या ब्रशसकट ती हॉलमध्ये आली.

टेबलावर प्रवासी बॅगेएवढी काळी पेटी होती. बाजूच्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसत होती आणि त्यांच्यापुढे उद्याची नवरी, म्हणजे मावशीची ही भाची, डोक्याला हात लावून उभी होती.

"मावशी, माझा प्रोसेसर बदललाय कोणीतरी! गुरुवारी मी माझ्या हाताने सोळा कोअरचा बसवला होता. आणि हे बघ काय लिहिलंय. आठ! आठच!"

"थांब, चूळ भरून येते. मग मला पहिलीतल्या पोरीला सांगतात तसं सांग."

प्रोसेसर म्हणजे पेटीचा मेंदू आणि कोअर म्हणजे त्यातले काम करणारे हात, एवढं धाकटीने सांगितलं; बाकीचं मावशीला बरंचसं ठाऊक होतं. धाकटी आणि तिचा होणारा नवरा यांची गाठ एका गेममध्ये पडली होती. ठोकळे रचून गाव वसवायचा गेम. नदीच्या या काठावरून धाकटी पूल बांधत आली, त्या काठावरून तो आला, आणि मधोमध दोघांचा पूल चार ठोकळ्यांनी चुकला. चूक कोणाची यावर तीन आठवडे भांडण झालं. चौथ्या आठवड्यात दोघं प्रेमात पडले. उद्या सकाळी विवाह नोंदणी कचेरीत सह्या व्हायच्या होत्या आणि दुपारी चारला त्याच पुलावर समारंभ. साठ पाहुणे, सहा देशांत पसरलेले, आपापल्या घरी पडद्यासमोर बसून येणार. त्यात नवऱ्या मुलाचे आजोबा होते. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, पण नातवाच्या लग्नाला चालत जायचं म्हणून तीन महिने एका बोटाने गेममध्ये चालायला शिकत होते. भाड्याचा जुना सर्व्हर, म्हणजे गाव चालवणारा मुख्य कॉम्प्युटर, विसाव्या पाहुण्यालाच धापा टाकायचा. म्हणून हा घरचा, फक्त या गावासाठी बांधलेला सर्व्हर.

"साठ माणसं पुलावर आली की हा आठवाला बसेल खाली," धाकटी म्हणाली. "आजोबा पुलाच्या मध्यावर येतील आणि पडदा गोठेल. तीस जणांना आज संध्याकाळपर्यंत कळवायला हवं, येऊ नका म्हणून. कोणाचं नाव खोडू, सांग ना!" आणि ती जी रडायला लागली ती थांबेना.

तेवढ्यात आतून आधी मिशी आली आणि तिच्यामागून दादा आला. धाकटीचा थोरला भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, आवाज असा की शिकाऊ माणसाने ब्रेक दाबायच्या ऐवजी स्टिअरिंगच सोडावं.

"कोण तो चोर? माझ्या बहिणीच्या लग्नात? समोर ये म्हणावं!"

"चार वाजेपर्यंत एकही नाव खोडायचं नाही," मावशीने धाकटीला बजावलं. मग ती पेटीवर वाकली. दार उघडं होतं, आत तारा नीट बांधलेल्या होत्या. तिने नाक पुढे नेलं आणि थबकली. पेटीला दवाखान्याचा वास येत होता.

२

"स्पिरिटचाच वास," ताई म्हणाली. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण, या दोघांची आई. ती स्वयंपाकघरात कपाट आवरत होती, आणि भांड्यांच्या आवाजावरून तिचा मूड कोणालाही कळला असता. "काल मी तीनला शिंप्याकडे गेले, सहाला आले, तर हॉलभर हाच वास. मला वाटलं कोणाला लागलं. औषधाच्या डब्यातली स्पिरिटची बाटली बघितली तर अर्धी! विचारलं, तर कोणी हूं की चूं नाही."

"घरात कोण कोण होतं?"

"तीनपर्यंत मी. दीडला तो कॉम्प्युटरचा दुकानदार आला होता केबल द्यायला. चहा टाकेपर्यंत दहा मिनिटं एकटाच बसला होता पेटीशी. दादा त्याच्या शाळेत, धाकटी चष्म्याच्या दुकानात कामावर."

"आणि तुझं काय मत या सगळ्याबद्दल?"

भांडं जोरात आपटलं. "माझं मत कोण विचारतंय? एकुलती एक मुलगी, आणि तिचं लग्न कार्टूनमध्ये! पाहुणे चौकोनी, नवरा चौकोनी! मी नाही बघणार. कचेरीत सही करीन आणि घरी येऊन झोपेन."

मावशीने ते भांडं उचलून कपाटात ठेवलं. बहिणीचा राग तिला पन्नास वर्षांचा ओळखीचा होता. पण संशयितांच्या यादीत बहिणीचं नावही घालावं लागणार, हे तिला मुळीच आवडलं नाही. समारंभ मोडावा असं या घरात एकाच माणसाला वाटत होतं, आणि ते माणूस तीनपर्यंत घरात होतं.

३

दुकानात जायला दादाने गाडी काढली. ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी, छपरावर पाटी, दोन्ही बाजूंना ब्रेक. पुढे एक टेम्पो होता. दादाने त्याच्यामागे एवढी जागा सोडली की मध्ये एक रिक्षा घुसली, मग एक स्कूटर घुसली, आणि मागचे सगळे हॉर्न बडवायला लागले.

"अरे, जवळ घे की जरा!"

"गाडीमागे गाडी, मध्ये दहा सेकंद," दादा शांतपणे म्हणाला. "पुस्तकात तीन लिहिलेत. मी दहा शिकवतो. बावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने कोणाला धडक दिली नाही."

"धडक द्यायला आधी पोचायला हवं," मावशी पुटपुटली. "काल दुपारी कुठे होतास रे?"

"शिकवत होतो, सहापर्यंत. त्या दुकानदाराचंच काम आहे हे, मावशी. पहिल्यापासून आठचा घ्या, आठचा घ्या म्हणून मागे लागला होता. पण एक सांगतो, आता पेटीला कोणी हात लावू नका. उद्यावर लग्न आलंय. जे आहे ते राहू दे, चालू दे तसंच."

मावशीने मान डोलावली. समोरच्या खणात त्याची धड्यांची वही उघडी पडली होती. कालच्या पानावर तीन ते सहाच्या सगळ्या ओळींवर पेन्सिलीने काट मारलेली होती. मावशीने खण हळूच बंद केला.

दुकानदार खोक्यांच्या ढिगात बसला होता. लहानखुरा, शांत माणूस, कपाळावर भिंग चढवलेलं. दादाला बघितल्यावर त्याने भिंग डोळ्यांवर ओढलं आणि एका स्क्रूमध्ये डोकं घातलं. दादा बाहेरच गाडीला टेकून उभा राहिला.

"दोघांचं बिनसलंय वाटतं," मावशी म्हणाली.

"अहो बाई, काय सांगू! बहिणीच्या सर्व्हरची यादी घेऊन आले. पहिलीच ओळ, सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड. मी म्हटलं, हा सर्व्हर म्हणजे यजमान. त्याने पाहुण्यांचं बघायचं, स्वतः मिरवायचं नाही. चित्र ज्याच्या त्याच्या घरच्या पडद्यावर उमटणार, याला कार्ड कशाला? ते ऐकलं त्यांनी. रॅम बत्तीस जीबी, झटपट वाचणारी एसएसडी, वीज गेली तर अर्धा तास तग धरणारा यूपीएस, वाय-फाय नको तर सरळ केबल, हेही ऐकलं. पण प्रोसेसरवर गाडी अडली."

"सोळा चांगला की आठ?"

"कशासाठी, त्यावर आहे. समजा, तिकिटाच्या सोळा खिडक्या आहेत, पण तुमच्या गावाला जायचं तिकीट एकाच खिडकीवर मिळतं. साठ माणसं त्या एका खिडकीशी. मग बाकीच्या पंधरा उघड्या ठेवून काय उपयोग? त्या एका खिडकीतला कारकून चपळ पाहिजे. हा गेम तसा आहे. गावाचा सगळा कारभार एकच कोअर हाकतो. आठवाल्याचा एकेक कारकून सोळावाल्यापेक्षा चपळ. पण तुमचे दादा! म्हणाले, साठ माणसं आणि आठ कोअर? तू जुना माल गळ्यात मारतोस. आणि तीन गिऱ्हाइकांसमोर मिशीला पीळ देऊन म्हणाले, आठवाला सरस निघाला तर ही मिशी उतरवीन!"

मावशीला हसू आलं. "आणि घरी?"

"घरीही तेच सांगितलं असणार. तुमच्या भाचीला दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घेऊन गेली बिचारी सोळावाला."

"दोन्ही एकाच बोर्डवर बसतात?"

"बैठक एकच. काढायचा, उष्णता काढून घेणारी जुनी पेस्ट स्पिरिटने पुसायची, नवी लावायची, दुसरा बसवायचा. हात स्थिर असला की वीस मिनिटांचं काम." तो भिंग पुसत सहज म्हणाला, "पंखा आता कमी ओरडतो ना?"

"आता?" मावशीने विचारलं.

दुकानदाराचा हात थांबला. कान लाल झाले.

"काल दीड वाजता तुम्ही आमच्याकडे होता," मावशी हळू आवाजात म्हणाली. "पण आता पंखा कमी ओरडतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाई, मी शब्द दिलाय. गिऱ्हाइकाचं गुपित आहे. मला विचारू नका."

४

मावशीच्या नोकरीत एक नियम होता. लिफ्ट दिसायला कितीही झकास असो, पूर्ण वजनाची पोती आत भरून, वरखाली करून बघितल्याशिवाय ती सही करायची नाही. घरी आल्या आल्या तिने धाकटीला एकच विचारलं, "या पेटीवर भार टाकून बघायची काही सोय आहे का?"

"आहे. लॅपटॉपवर मी एक प्रोग्रॅम ठेवलाय. खोटे पाहुणे पाठवतो. किती पाठवायचे आणि किती सेकंदांनी, एवढे दोन आकडे भरायचे. मी आज सकाळीच साठ सोडणार होते, पण पडद्यावर आठ बघितलं आणि ते राहूनच गेलं."

"आणि कोण आलं, कधी आलं, याची नोंद?"

"पेटीतच राहते." धाकटीने ती उघडून दिली. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा फोन आला आणि ती फोन घेऊन, नाक ओढत, आतल्या खोलीत गेली.

मावशीने चष्मा लावला. शुक्रवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. पाहुणा क्रमांक एक आला. दहा सेकंदांनी दोन. दहा सेकंदांनी तीन. अशी रांगच्या रांग. एकेचाळिसाव्या पाहुण्यापाशी पेटीने पहिली तक्रार लिहिली होती, भार झेपत नाही, मी मागे पडतोय. बेचाळिसाव्याला पुन्हा तीच. पन्नासाव्यापर्यंत तक्रारींचा पाऊस, आणि मग सगळंच ठप्प.

पुढे दोन तास काहीच नाही. पेटी बंद.

पाच वाजून वीस मिनिटं. पुन्हा पाहुणा क्रमांक एक. दहा सेकंदांनी दोन. एकेचाळीस, पन्नास, साठ. एकही तक्रार नाही. साठही पाहुणे पंधरा मिनिटं गावात बागडून परत गेले होते.

मावशी खुर्चीत मागे टेकली. चोर काहीतरी घेऊन जातो. या चोराने तर भार टाकून बघितला, कमी पडलं ते बदललं, पुन्हा भार टाकला आणि मगच तो गेला. लिफ्ट खात्यात असता तर तिने त्याला बढती दिली असती. समारंभ मोडायचा असता तर त्याने एवढी मेहनत केलीच नसती, म्हणजे ताईचं नाव यादीतून आपोआप गळलं. दुकानदार गिऱ्हाइकाचं गुपित म्हणाला होता, म्हणजे पेटी त्याने उघडली नव्हती. दीडची त्याची भेट खरोखर केबलसाठीच होती. आणि दोन्ही वेळेला त्या रांगेतलं अंतर कसं होतं, हे तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं.

धाकटीला तेव्हाच सांगितलं असतं तर पोरगी तिथल्या तिथे नाचली असती. पण मग चोर कायमचा सुटला असता, आणि मावशीला तो हवाच होता. तिने पिशवीतून दुकानातून आणलेला एक पुठ्ठ्याचा डबा काढला, त्याच्या झाकणावर मोठ्ठा सोळा होता. मग खणातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि हाक मारली, "सगळ्यांनी हॉलमध्ये या रे!"

५

चार वाजायला पाच मिनिटं होती. ताई दारात हाताची घडी घालून उभी राहिली. धाकटीच्या हातात पाहुण्यांची यादी आणि लाल पेन होतं. दादा सोफ्यावर बसला होता आणि त्याचा पाय एकसारखा हलत होता.

"चोर कोण, ते जाऊ दे," मावशी म्हणाली. "लग्नघरात वाद नको. दुकानातून सोळावाला परत आणलाय. आठवाला काढू, हा बसवू, म्हणजे एकही नाव खोडायला नको. धाकटे, सोड ते पेन. वीस मिनिटांचं काम आहे."

धाकटीचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "मावशी! तू देव आहेस!"

मावशीने पेटीचं दार काढलं. पहिल्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला. एक फेरा दिला. दुसरा दिला.

"नको!" दादा सोफ्यावरून उठलाच. "मावशी, नको, ऐक माझं! तो बसवू नकोस. एकेचाळिसाव्या माणसाला गुदमरतो तो!"

धाकटीने आधी दादाकडे बघितलं, मग मावशीकडे.

"एकेचाळिसाव्या?" मावशीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हे तुला कोणी सांगितलं, दादा? पेटीने ते फक्त एकाच माणसासमोर लिहिलंय. काल दुपारी तुझे धडे रद्द होते, मी वही बघितली. घरात कोणी नव्हतं. दुसरं कोणी असतं तर साठ पाहुणे एकदम ढकलले असते आत. पण ज्याने सोडले त्याने एकामागे एक सोडले, मध्ये बरोबर दहा सेकंद. पुस्तकात तीन आहेत म्हणे."

दादा पुन्हा खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पहिल्या दिवशी सोडून आलेल्या पोरासारखा दिसायला लागला.

"म्हणजे तू काढलास?" धाकटी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि सकाळपासून चोर, चोर म्हणून ओरडतोयस?"

"मग काय करू?" दादाचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "काल मोकळा होतो, म्हटलं बघू या आपला सोळावाला कसा धावतो. एकेचाळिसाव्यालाच लंगडला. मला आजोबा दिसले, पुलावर एका बोटाने चालणारे आणि तिथेच अडकलेले. माझ्यामुळे. दुकानदाराचे पाय धरले, बदलून आणला, त्याने शिकवलं तसा बसवला. म्हटलं, तुला कळणारच नाही, सगळं झकास चालेल आणि विषय संपेल. पडद्यावर नाव येतं हे कुठे माहीत होतं मला?"

"अरे पण सांगायचंस ना! चुकलो म्हणायचंस!"

"तुला?" दादाने वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवलेही नाहीत. "तू दोन वर्षांची होतीस तेव्हापासून दादाला सगळं येतं म्हणतेस. उद्या निघून जाणार आहेस तू इथून. म्हटलं, एक दिवस राहिलाय, तेवढा एक दिवस येऊ दे सगळं मला."

धाकटीने हातातली यादी टाकली आणि त्याच्या गळ्यात पडली. इतकी जोरात, की सोफा भिंतीवर जाऊन आदळला. "वेडा आहेस का रे तू! सगळं येत नसतं तरी तूच दादा होतास ना!"

दारातल्या ताईने पदराने डोळे पुसले आणि मी नाही रडत, असं कोणी न विचारताच सांगितलं. मावशीने तिचा मोठ्ठा सोळा लिहिलेला डबा उघडून दाखवला. आत काहीच नव्हतं, फक्त फोम.

मग सगळ्यांच्या देखत भार टाकला. धाकटीने मुद्दाम साठ पाहुणे एकदम ढकलले, अंतर शून्य, आणि दादाने डोळे घट्ट मिटून घेतले. पेटीने हूं की चूं केलं नाही. मावशीने यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख घातली, साठ माणसं असं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

दादा उठून बाथरूममध्ये गेला. धाकटी म्हणाली, राहू दे रे, उद्या फोटो आहेत. तो म्हणाला, तीन गिऱ्हाइकांसमोर शब्द दिलाय. बाहेर आला तेव्हा ताईने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर अगदी दहावीतला दिसतोय!" मग सगळे इतके हसले की मावशीला पाणी प्यावं लागलं.

६

रविवारी चारला नवरा-नवरी हॉलमध्ये दोन लॅपटॉपसमोर बसली. सह्या झाल्या होत्या. दादा केबलवर कोणाचा पाय पडू नये म्हणून पहारा देत होता. ताई सकाळी कचेरीतून आली ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मावशीने तिला दोनदा हाक मारली. डोकं दुखतंय, असं उत्तर आलं.

पडद्यावर पूल दिसत होता, कमानीचा, मध्यावर चार ठोकळ्यांची वाकडी पायरी तशीच ठेवलेली. पाहुणे यायला लागले. मावशीचे डोळे पुलावर नव्हतेच. कोपऱ्यातल्या पाहुण्यांच्या आकड्यावर होते, लिफ्टच्या दाराशी उभं राहून मजले मोजावेत तसे. तीस. एकेचाळीस. इथे दादाने श्वास रोखून धरला. पन्नास. एकोणसाठ. शेवटी आजोबा आले. दोन पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दोन पावलं. एकोणसाठ माणसं गप्प उभी राहून त्यांची वाट बघत होती. आजोबा वाकड्या पायरीवर चढले, नातसुनेसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी मान खाली-वर हलवली. पडदा कुठेही अडला नाही. 

"साठ," मावशी म्हणाली. "पूर्ण भार."

आणि तेवढ्यात आकडा बदलला. एकसष्ट.

"हा कोण?" धाकटीने यादी बघितली. "माझ्या यादीत साठच आहेत. दादा, तू?"

"मी इथे उभा आहे ना!"

पुलाखाली नदीत कोणीतरी होतं. एकटंच, भिंतीकडे तोंड करून, पाण्यात वरखाली होणारं. अंगावर धाकटीच्या जुन्या खात्यातला हिरवा अंगरखा. ते कधी डावीकडे जाऊन भिंतीवर आपटत होतं, कधी उजवीकडे जाऊन आपटत होतं.

आतल्या खोलीच्या बंद दारामागून आवाज आला, "अगं, कोणीतरी सांगा मला! वर कसं यायचं? मी केव्हाची पाण्यात आहे!"

सगळ्यांनी बंद दाराकडे बघितलं. मग धाकटी म्हणाली, "आई!" आणि तिने पुलावरून सरळ नदीत उडी मारली. तिच्यामागे नवरदेवाने मारली. पाहुण्यांना काही समजलं नाही, पण नवरीच उडी मारते म्हटल्यावर तेही एकामागून एक धपाधप पाण्यात पडायला लागले, सहा देशांतून, हसत, ओरडत. पुलावर एकटे आजोबा उरले. ते कडेपर्यंत दोन पावलं चालले, थांबले, आणखी दोन पावलं चालले, आणि त्यांनीही उडी मारली.